प्रसूतीच्या तपासणीचा सराव मॉडेलवर कसा घ्यावा

प्रसूतीच्या आतील तपासणीत जे कळायला हवे (गर्भाशयमुख किती सेंटिमीटर उघडले, बाळाचे डोके कसे आहे) ते डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळावे लागते. म्हणून परिचर्येच्या विद्यार्थ्यांचा सराव मॉडेल झाकून ठेवूनच सुरू करावा. गर्भाशयमुखाची कड एकदा पाहिली, की विद्यार्थी बोटांनी मोजत नाही, पाहिलेले आठवून सांगतो.

त्याआधी प्रत्येकाने तर्जनी आणि मधले बोट फाकवून टोकांमधले अंतर पट्टीवर मोजावे आणि ३, ५, ७ सेंटिमीटरला बोटे किती ताणतात हे हातात बसवून घ्यावे. बोटांची जाडी सर्वांची सारखी नसते, त्यामुळे ‘दोन बोटे उघडले’ अशी नोंद मी चालवून घेत नाही. मग १ ते १० सेंटिमीटर उघडलेली गर्भाशयमुखे क्रम मोडून कापडाखाली ठेवावीत. हातमोजे घालून तपासल्यावर उत्तर आधी कागदावर लिहावे, नंतरच कापड उचलावे. सर्वाधिक वेळ ४ आणि ५ यांतला फरक ओळखण्यावर द्यावा, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या लेबर केअर गाइडमध्ये (प्रसूतीची प्रगती नोंदवण्याच्या तक्त्यात) पहिल्या टप्प्याची सक्रिय अवस्था ५ सेंटिमीटरपासून धरली आहे. ४ ला ५ म्हटले, की सक्रिय अवस्थेची नोंद वेळेआधी सुरू होते आणि सुरळीत चाललेली प्रसूतीही कागदावर रखडलेली दिसते.

बाळाच्या डोक्याची स्थिती ओळखताना टाळूचा आकार पाठ करून भागत नाही. टाळूपाशी येऊन मिळणाऱ्या शिवणी (कवटीच्या हाडांमधल्या सांध्यांच्या रेषा) बोटाने मोजायला लावाव्यात. चार लागल्या तर पुढची टाळू, तीन लागल्या तर मागची.

सुटे कौशल्य जमल्यावर संपूर्ण तपासणी क्रमाने घ्यावी. मॉडेलच्या उशाशी एका सहकाऱ्याला माता म्हणून बसवावे, म्हणजे परवानगी विचारणे, काय करणार ते सांगणे आणि कळ आली की थांबणे हे ओघानेच करावे लागते. हात धुऊन आधी पोटाची तपासणी, १० मिनिटांतल्या कळांची मोजणी, मग बाळाचे ठोके (सामान्यतः मिनिटाला ११० ते १६०) आणि शेवटी आतील तपासणी. ठोके ऐकताना दुसऱ्या हाताने मातेची नाडी पाहिलीच पाहिजे. मातेची नाडी जलद असेल तर तिचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जाण्याचा धोका असतो. एखाद्या प्रसंगात मातेला ‘अंगावरून रक्त जातंय’ असे म्हणायला लावावे. वार (प्लॅसेंटा) खाली गर्भाशयमुखापाशी नाही याची खात्री होण्याआधी जो आतील तपासणीसाठी हात पुढे करील, त्याला तिथेच थांबवून कारण विचारावे.

मॉडेलची मर्यादाही सांगून टाकावी: खरे गर्भाशयमुख कळेबरोबर ताणते आणि सुरुवातीला बरेचदा मागे वळलेले असते, रबराची कड मात्र जागची हलत नाही.

सरावानंतर चर्चेला बसताना उत्तरांचे कागद समोर ठेवावेत. जो दर वेळी एकच सेंटिमीटर जास्त सांगतो, त्याला पुन्हा पट्टीकडे पाठवले की बहुधा पुरते; ज्याची उत्तरे कधी जास्त, कधी कमी येतात, तो अजून अंदाजाने बोलत असतो आणि त्याला कापडाखालचा सराव पुन्हा पहिल्यापासून द्यावा लागतो.