जुन्या स्पोर्ट्‌स कारची डोअर रबरं: आधी फट वाचायला शिका

जुन्या गाड्यांच्या कामात शिरलो तेव्हा माझ्या वाट्याला आलेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे कापडी टपाच्या एका दोन सीटच्या गाडीची डोअर रबरं बदलणं. जुनं रबर ओढून काढलं, पत्र्याची कड फडक्याने पुसली, नवं रबर हाताने ठोकत बसवलं. दोन तासांत दोन्ही दारं झाली. मग दार लावायला गेलो तर लागेना. जोर लावला तेव्हा लॅच अडकलं, पण दाराची मागची कड बॉडीच्या तीन-चार मिलिमीटर बाहेर राहिली. पाण्याचा पाइप धरला, तर पाणी आधी येत होतं तिथूनच आत आलं.

उस्ताद रागावले नाहीत. म्हणाले, "सगळं काढ. जुनं रबर परत लाव आणि पाणी कुठून येतंय ते मला दाखव." त्यात पुढचे दोन दिवस गेले. या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी इथे जे लिहितोय, त्यातलं बरंचसं मला त्या दोन दिवसांत कळलं. रबराचं काम एवढंच की दार आणि बॉडी यांच्यामधली फट भरायची. फट किती आहे, सगळीकडे सारखी आहे का, हे पाहिल्याशिवाय रबर मागवू नये.

तपासायला लागतं काय? खडू, कागदाची पट्टी, टॉर्च आणि चिकटपट्टी. रबरावर खडू घासा, दार हळूच लावा, उघडा आणि बॉडीवर उमटलेली रेघ बघा. रेघ जिथे तुटलीय तिथे रबर टेकत नाही. जिथे जाड उमटलीय तिथे ते जास्त दबतंय. मग कागदाची पट्टी दारात धरून ओढत जा. कुठे घट्ट निघते, कुठे सहज सुटते, हे बोटांना समजतं. अंधारात एकाने आत बसायचं आणि दुसऱ्याने बाहेरून टॉर्च फिरवायचा. वाऱ्याच्या शिट्टीसाठी एका दाराची फट बाहेरून चिकटपट्टीने पूर्ण बंद करून गाडी चालवून या. दुसरं दार मात्र मोकळं ठेवा, म्हणजे उतरता येईल. शिट्टी थांबली तर पट्टी थोडी थोडी काढत पुन्हा फेरी मारा. ती जिथे परत सुरू होते, ती जागा तुमची.

पाणी मारताना नेहमी खालून वर जायचं. आधी उंबऱ्यापाशी, थांबून, मग मधे, मग खांबापाशी, शेवटी टपाच्या कडेला. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि उगम कळत नाही. पाइपाला जोर नको, पाणी नुसतं वाहू द्या. जोराचा फवारा चांगल्या रबरातूनही आत शिरतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

त्या गाडीत गळणारं पाणी दाराच्या रबरातून येतच नव्हतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, म्हणून इथे सविस्तर सांगतो. दाराच्या पोकळीत पाणी जाणं हे ठरवूनच केलेलं असतं. काच वर-खाली होते तिथल्या पट्टीतून पावसाचं थोडं पाणी आत उतरतंच. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडावं अशी सोय असते. आतला पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये प्लास्टिकचा किंवा मेणकागदाचा पडदा चिकटवलेला असतो, म्हणून ते पाणी केबिनमध्ये येत नाही. कुणीतरी स्पीकर किंवा काचेचं यंत्र दुरुस्त करताना तो पडदा फाडतो, परत नीट चिकटवत नाही, आणि पुढे दोष रबरावर जातो. आमच्या गाडीत पडदा खालून सुटलेला होता आणि तळाची भोकं चिखलाने बुजली होती. भोकं मोकळी केली, पडदा ब्युटाइलच्या (चिकट रबराच्या) दोरीने परत चिकटवला, आणि निम्मं पाणी थांबलं.

उरलेलं निम्मं काचेचं होतं. कापडी टपाच्या बहुतेक स्पोर्ट्‌स कारमध्ये काचेला चौकट नसते, काचेची उघडी कडच रबरावर टेकते. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार घ्या. १९६२च्या उघड्या गाडीत मुख्य काच चौकटीविना आहे, आणि १९६५मध्ये आलेल्या जीटीच्या, म्हणजे पक्क्या टपाच्या एमजीबीच्या, दाराला चौकट आहे. नाव एक, पण रबराचं काम अगदी वेगळं. १९८९ची पहिली माझदा एमएक्स-५ सुद्धा बिनचौकटीचीच. अशा दारात काच किती वर चढते, आत किती कलते, पुढे-मागे कुठे थांबते, हे दाराच्या आतल्या बोल्टांवर ठरतं. वेग वाढला की काचेबाहेरचा हवेचा दाब घटतो आणि काच बाहेर ओढली जाते. म्हणून उभ्या गाडीत घट्ट दिसणारी काच महामार्गावर शिट्टी वाजवते. रबर नवं घातलं आणि काच जुन्याच जागी ठेवली तर काम अर्धंच राहिलं.

आता रबर. जुन्या नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळीतल्या दुहेरी बंधांवर हवेतला ओझोन हल्ला करतो. जिथे रबर ताणलेलं असतं तिथे, ताणाच्या आडव्या दिशेने, भेगा पडतात. कोपऱ्यांत भेगा आधी का दिसतात, ते यावरून कळेल. १९६०च्या दशकापासून वापरात आलेल्या ईपीडीएम या कृत्रिम रबरात मुख्य साखळीत असे बंध नसतात, म्हणून ऊन आणि ओझोन ते खूप चांगलं सोसतं. पण वर्षानुवर्षं दबून राहिल्यावर तेही चपटं होतं आणि परत फुगत नाही. बोटाने दाबून सोडा. खळगा तसाच राहिला तर ते संपलं. शिवाय ईपीडीएमला खनिज तेल चालत नाही, ते फुगून मऊ पडतं. त्यावर इंजिनऑइल, डिझेल किंवा पेट्रोलियम जेली कधीही लावू नका, सिलिकॉन ग्रीस लावा. तेही गाडीचं रंगकाम उरलं असेल तर ते संपल्यावरच, कारण सिलिकॉनचा अंश असलेल्या पत्र्यावर रंग बसत नाही, खड्डे पडतात.

जुनं रबर काढण्याआधी फोटो काढा: प्रत्येक कोपरा, प्रत्येक क्लिप, जोड कुठे आहे ते. प्लास्टिकची पाचर वापरा. स्क्रूड्रायव्हरने रंग गेला की गंजाला वाट मिळते. काढलेलं रबर फेकू नका. त्याचा एक तुकडा कापून तोंडाकडून बघा आणि नव्या रबराचा तुकडा शेजारी धरा. फुग्याची (दबणाऱ्या पोकळ भागाची) उंची, त्याच्या भिंतीची जाडी, पकडीची (पत्र्याच्या कडेवर बसणाऱ्या खाचेची) रुंदी सगळं जुळलं पाहिजे. नकलेत तयार केलेली रबरं बऱ्याचदा थोडी जाड किंवा कडक असतात, आणि माझं पहिलं दार लागत नव्हतं त्याचं एक कारण तेच होतं.

रबराखालची कड हे या कामाचं खरं पोट. तिथे पाणी साचलेलं असतं आणि गंज लपलेला असतो. जुना गोंद चिकटपणा काढायच्या द्रावणाने, धीराने, फडक्याने काढा. थिनर ओतलात तर रंगही निघेल. गंज घासा, प्रायमर आणि रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. कड वाकलेली असेल तर सरळ करा. ओल्या रंगावर घाईने चढवलेलं रबर पुढच्या वेळी रंगासकट निघतं, हे मी एका गाडीत पाहिलंय.

बसवायच्या आदल्या दिवशी नवं रबर खोक्यातून काढून उबदार जागी पसरून ठेवा, म्हणजे घड्या जातात. डावं-उजवं तपासा, कारण साच्यातले कोपरे वेगळे असतात. आधी कोपरे बसवा, मग मधला भाग भरत या. बसवताना रबर कधीही ओढू नका, उलट किंचित आत ढकलत जा. ओढून बसवलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं, कोपऱ्यातून उचललं जातं, आणि ताणलेलं असल्यामुळे फाटतंही लवकर. शेवटी पाच-दहा मिलिमीटर जास्त ठेवून कापा आणि जोड उंबऱ्याच्या बाजूला, खाली घ्या. पकडीचं रबर सैल वाटलं तर त्या पकडीच्या आतला पत्रा पक्कडीने हलकेच दाबा. चिकटवायचं रबर असेल तर दोन्ही बाजूंना गोंदाचा पातळ थर द्या आणि बोटाला चिकटेल इतकं सुकल्यावरच लावा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सीलंट मात्र इथे नको. त्यातून अॅसेटिक अॅसिड सुटतं आणि पत्रा गंजतो.

नव्या रबरावर दार जड लागणारच. लगेच स्ट्रायकरला, म्हणजे लॅच ज्यात अडकतं त्या बॉडीवरच्या खुंटीला, हात घालू नका. दार रात्रभर बंद ठेवा, दोन-तीन दिवस तसंच वापरा. तरी जड राहिलं तर आधी स्ट्रायकरभोवती पेन्सिलने खूण करा, मग एका वेळी मिलिमीटरभरच सरकवा. दार खाली झुकलेलं असेल तर दोष बिजागरीत आहे. ते स्ट्रायकरने उचलून बसवायचा मोह होतो, पण मग लॅच झिजतं.

नवीन असाल तर माझा आग्रह आहे, हे काम मागून घ्या. इंजिनच्या कामाला जास्त मान आहे, मला माहीत आहे. पण एका दारात बिजागरी, पत्र्याच्या फटी, काचेची जुळणी, गंज, रंग आणि पाण्याची वाट सगळं एकत्र शिकायला मिळतं, आणि चूक झाली तर बहुतेक वेळा ती परत काढून सुधारता येते. वही ठेवा. प्रत्येक दाराची फट चार ठिकाणी मोजून, कामाआधी आणि नंतर, लिहा. मालकाला वेळ सांगताना फक्त रबराचा वेळ सांगू नका. तपासणी आणि गंजाचा वेळ वेगळा सांगा, कारण कड उघडल्याशिवाय गंज किती ते दिसत नाही.

माझ्या त्या पहिल्या गाडीला शेवटी पाच दिवस लागले. पाचव्या दिवशी खडूची रेघ अखंड उमटली. पाणी खालून वर मारलं, अर्धा तास वाट पाहिली, आत कोरडं होतं. गालिचा बसवायला घेतला तर उस्तादांनी हात धरला. "आज नको. रात्री पुन्हा एकदा पाणी मार आणि सकाळी फरशीच्या पत्र्याला हात लावून बघ." सकाळी पत्रा कोरडा होता. मग गालिचा बसवला.