बसच्या शेवटच्या टोकाला किती व्होल्ट पोचतात?

बिल्डिंग ऑटोमेशनच्या कामात नव्याने आलेल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: प्रोग्रॅमिंग कधी शिकवणार? मी आधी त्यांच्या हातात मल्टिमीटर देतो. केएनएक्स म्हणजे इमारतीतले दिवे, पडदे, एसी यांची उपकरणं एका केबलवर जोडून चालवण्याची पद्धत; त्या सामायिक केबललाच बस म्हणतात. केएनएक्सच्या ज्या बिघाडाने माझा सगळ्यात जास्त घाम काढला, तो प्रोग्रॅममध्ये नव्हताच.

आधी थोडं मुळातलं. केएनएक्सच्या केबलमधल्या लाल-काळ्या जोडीवरून उपकरणांना वीजही मिळते आणि निरोपही त्याच दोन तारांवरून जातात. पॉवर सप्लाय साधारण 30 व्होल्ट डीसी देतो, आणि उपकरणाच्या टर्मिनलवर किमान 21 व्होल्ट हवेत. म्हणजे वाटेत गमवायला आपल्या हाती 9 व्होल्ट. निरोपाला टेलिग्राम म्हणतात. त्यातला प्रत्येक ‘शून्य’ पाठवताना उपकरण बसचं व्होल्टेज क्षणभर काही व्होल्टनी खाली ओढतं. बाजारातला साधा 30 व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग प्रकारचा पॉवर सप्लाय) लावला, तर तो व्होल्टेज ढळूच देत नाही आणि टेलिग्राम जागीच मरतो. उपकरणं चालू दिसतात, पण एकमेकांशी बोलत नाहीत. केएनएक्सच्या सप्लायला चोक (करंटमधला झटपट बदल अडवणारी गुंडाळी) असतो तो यासाठी. कोणी काटकसर म्हणून दुसरा सप्लाय सुचवला, तर सरळ नाही म्हणा.

आता मर्यादा. सप्लाय 160, 320 आणि 640 मिलिअँपिअरचे मिळतात. जुन्या नियमाप्रमाणे एका सेगमेंटवर, म्हणजे एका सप्लायवर चालणाऱ्या सलग केबलवर, 64 उपकरणं. नव्या पिढीची उपकरणं असतील तर जास्त चालतात. एका सेगमेंटची एकूण केबल 1000 मीटर, सप्लायपासून कोणतंही उपकरण जास्तीत जास्त 350 मीटर, कोणत्याही दोन उपकरणांमध्ये 700 मीटर. हे आकडे पाठ होतात. घात तिथेच होतो, कारण ते पाळले की काम संपलं असं वाटतं.

मलाही तसंच वाटलं होतं. 640 मिलिअँपिअरचा सप्लाय, 300 मीटरची लाइन, त्यावर 42 उपकरणं. त्यांतली 30 साधी, प्रत्येकी 10 मिलिअँपिअर घेणारी आणि लाइनभर विखुरलेली. उरलेली 12 टच पॅनेल्स सगळी शेवटच्या टोकाला. बेरीज 540 मिलिअँपिअर. सप्लायवर हिरवा दिवा. दिवसभर सगळं सुरळीत चालायचं आणि संध्याकाळी टोकाची पॅनेल्स एकेक करून रीस्टार्ट व्हायची. मी दोन वेळा प्रोग्रॅम पुन्हा डाउनलोड केला, एक पॅनेल बदललं. दुपारी टोकाला जाऊन व्होल्टेजही मोजलं: 23.8. ठीकच की, म्हणून परत आलो.

त्या काळात माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका अनुभवी तंत्रज्ञाने विचारलं, “दुपारी पॅनेलला हात कोण लावतं?” तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बॅकलाइट मंद असताना पॅनेल 8 मिलिअँपिअर घ्यायचं, पूर्ण उजळलं की 20. लोक संध्याकाळी घरी यायचे आणि बारा पॅनेल्स एकदम उजळायची.

मग कागदावर बसलो. 0.8 मिलिमीटर व्यासाच्या तारेचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला साधारण 73 ओहम. 300 मीटरला 22. पॅनेल्सचे 240 मिलिअँपिअर या पूर्ण अंतरावरून येतात: 0.24 गुणिले 22, म्हणजे 5.3 व्होल्ट गेले. विखुरलेल्या उपकरणांचे 300 मिलिअँपिअर सरासरी निम्म्या अंतरावर धरायचे: 0.3 गुणिले 11, आणखी 3.3. एकूण 8.6. सप्लायच्या टर्मिनलवर प्रत्यक्षात 29.2 व्होल्ट होते, त्यामुळे टोकाला 20.6 उरत होते. संध्याकाळी सात वाजता मीटर लावला, तर 20.5 दाखवत होता. हा हिशेब मी कामाआधी मांडला असता तर पाच मिनिटांत झाला असता. तुम्ही तो आराखड्यावरच मांडा. कुठे किती भार बसतोय हे पाहा, नुसती बेरीज करून थांबू नका.

आणखी एक बारकावा. बऱ्याच उपकरणांच्या आत कन्व्हर्टर असतो. व्होल्टेज कमी मिळालं की तेवढीच पॉवर मिळवायला तो जास्त करंट ओढतो, त्यामुळे टोकाची पडझड कागदावरच्यापेक्षा थोडी जास्तच धरा. सप्लायला चोकविरहित जादा आउटपुट असेल, तर त्यावरचा भार बहुतेक मॉडेलमध्ये त्याच 640 मध्ये मोजला जातो. तो विसरणारे मी खूप पाहिलेत. पुढे वाढणाऱ्या उपकरणांसाठी सप्लायचा पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा.

उपाय अनेक होते. पॅनेल्सना पिवळ्या-पांढऱ्या जोडीवरून वेगळा पुरवठा देता आला असता, पण त्या मॉडेलला तशी सोय नव्हती. लाइन कपलर (दोन लाइन जोडणारं उपकरण) टाकून दुसरी लाइन करता आली असती. त्यासाठी नवा सप्लाय आणि पत्त्यांची फेरमांडणी लागली असती. लाइनच्या सुरुवातीपासून 200 मीटरवर एक डीबी (वीज वितरणाचा बॉक्स) होता. आम्ही सप्लाय तिथे हलवला. आता टोक फक्त 100 मीटर दूर राहिलं. सप्लाय तोच, केबल तीच, एकही उपकरण काढलं नाही. त्याच संध्याकाळी सातला बाराही पॅनेल्स उजळवून शेवटच्या टर्मिनलवर मीटर लावला: 27 व्होल्ट.