डीपी जाहीर झाला की काय करायचं: नकाशा वाचण्यापासून सुनावणीपर्यंत

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो, वीसेक वर्षांतून एकदा येतो. पुढे शाळा कुठे होणार, बाग कुठे, रस्ता किती रुंद, ओढा राहणार की बुजणार हे सगळं त्यात ठरतं, आणि आपल्याला बोलायला मिळतो एखाद-दोन महिन्यांचा वेळ. तो निघून गेला की मग कितीही मोर्चे काढा, कामं फार अवघड होतात. मी हे एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलंय म्हणून सविस्तर लिहितोय, कारण आमच्या वेळेला सांगणारं कोणी नव्हतं.

पहिलं म्हणजे नोटीस. महाराष्ट्रात हे सगळं 1966 च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली चालतं, त्याच्या कलम 26 प्रमाणे डीपी तयार झाला की राजपत्रात आणि लोकल पेपरात जाहिरात द्यावी लागते. ती बारीक अक्षरात आतल्या पानावर असते, सहज नजरेतून सुटते. तिच्यात हरकती-सूचना द्यायची शेवटची तारीख असते, तीच धरून चाला, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तारखा धरू नका.

मग नकाशा मिळवायचा. वेबसाईटवर पीडीएफ टाकतात पण ती उघडता उघडता फोन हँग होतो, त्यामुळे सरळ नगररचना विभागात जा, तिथे बघायला ठेवलेलाच असतो आणि फी भरून आपल्या भागाची शीट मिळते. जाताना सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड न्या, कारण नकाशावर सोसायटीचं नाव नसतं, सर्व्हे नंबर, गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर असतो. आणि हो, फक्त नकाशा घेऊन परत येऊ नका. सोबतचा अहवाल आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा पण बघा, म्हणजे आज जमिनीवर काय आहे ते दाखवणारा. खरी चूक बहुतेक वेळा तिथेच झालेली असते, आणि पाया चुकला की वरचं सगळं चुकतं. मुंबईत 2015 साली डीपीत इतक्या चुका लोकांनी दाखवल्या की सरकारला तो मसुदा रद्द करून परत करायला लावावा लागला, पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला आणि 2018 मध्ये मंजूर झाला.

रंग समजायला सोपे आहेत, पिवळा म्हणजे रहिवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, हिरव्यात बागा, मैदानं आणि ना-विकास क्षेत्र. तरी शीटच्या कोपऱ्यातली सूची बघूनच पुढे जा. नदीजवळ राहत असाल तर दोन रेषा शोधा. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नदीला असतात, पण छोट्या ओढ्यानाल्यांचं काय? पुण्यात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, त्या रात्री शहर आणि आसपास मिळून वीसच्या आसपास माणसं गेली. तो ओढाच आहे, नदी नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, बाकी काही बघायला जमलं नाही तरी नाले बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. शीटची झेरॉक्स घ्या, लाल पेन घ्या, आणि तुमच्या भागात पायी फिरा. रविवारी सकाळी दोन-तीन तास पुरतात, सोबत जुनं कोणीतरी माणूस हवं. आमच्यासोबत भाजी विकणाऱ्या एक मावशी आल्या होत्या, जन्मापासून तिथल्याच. आमच्या सोसायटीच्या मागे एक नाला आहे, उन्हाळ्यात त्यात नुसता प्लास्टिकचा कचरा आणि बेशरमाची झाडं असतात, नकाशावर तो एका पुलापर्यंत निळ्या रेषेने दाखवलेला आणि पुढे गायबच, तिथून सगळा पिवळा झोन. मावशींनी एका जुन्या दगडी कट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पाणी हितपर्यंत येतं बाळा, माझ्या सासूच्या वेळेला तर देवळाची पायरी बुडली होती." त्या कट्ट्याला टेप लावून फोटो काढला, मोबाईलवर लोकेशन टाकलं, आणि तीच आमची सगळ्यात मजबूत हरकत ठरली. ऑफिसात बसून कोणाला कळणार होतं?

फिरताना आणखी काही गोष्टी बघायच्या. प्राथमिक शाळा लहान मुलाला मोठा रस्ता न ओलांडता चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे का? बागेचं आरक्षण, म्हणजे बागेसाठी राखून ठेवलेली जागा, जिथे लोक राहतात तिथे आहे की लांब उताराच्या, न विकल्या जाणाऱ्या तुकड्यावर टाकलंय? रस्तारुंदीत कुठली जुनी झाडं, विहिरी जातायत? टेकड्या असतील तर त्यांच्यावर कुठला रंग मारलाय? पुण्यात 1997 ला हद्दीत आलेल्या 23 गावांमधल्या 978 हेक्टर टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं, त्याच्यामागे लोकांचा वर्षानुवर्षांचा जोर होता, नाहीतर तिथे आज बिल्डिंगा दिसल्या असत्या.

एक गैरसमज मात्र काढून टाका. डीपी रस्त्याची एकूण रुंदी ठरवतो, आत फूटपाथ किती असेल ते नाही. फूटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे, चालायला मोकळी किमान 1.8 मीटर रुंदी, पण ते मागायचं रस्ते विभागाकडे. पुण्यात राहत असाल तर 2006 पासून नागरिकांच्या सहभागाचं बजेट आहे, फूटपाथ, बाक, दिवे असली छोटी कामं क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म भरून त्यात सुचवता येतात. डीपीच्या हरकतीत हे सगळं कोंबलं की मूळ मुद्दा हरवतो.

हरकत लिहिताना एका पत्रात एकच मुद्दा. वर नाव, पत्ता, फोन, मग शीट नंबर, गट किंवा सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक. मग तीन गोष्टी, नकाशात काय दाखवलंय, जागेवर काय आहे, आणि आम्हाला काय हवंय. हे तिसरं लोक विसरतात. "आमचा विरोध आहे" एवढंच लिहून काही होत नाही, "सदर नाला पुलापासून पुढे गट नंबर अमुक ते तमुक पर्यंत दाखवावा व दोन्ही काठ बांधकामापासून मोकळे ठेवावेत" असं लिहा. फोटो, टेपचं माप, जुना नकाशा असेल तर तो जोडा. आणि आवक-जावक मधून शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबलवरून हलू नका! छापील एकसारखे फॉर्म हजारोंनी दिले तर दबाव येतो हे खरं (2013 च्या पुण्याच्या डीपीवर 80 हजारांहून जास्त हरकती आल्या होत्या), पण माझ्या मते पुराव्याचं एक पत्र शंभर छापील फॉर्मना भारी असतं, जमलं तर दोन्ही करा.

मग सुनावणी. नियोजन समिती असते, स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले चार पर्यंत तज्ज्ञ. बोलावणं येतं, वेळ अगदी थोडा मिळतो, आम्हाला पाच मिनिटं सुद्धा नव्हती. भाषण करू नका. एक मोठा फोटो, एक शीट, दोन वाक्यं. आम्ही मावशींना घेऊन गेलो होतो, त्यांनी दगडाची खूण सांगितली तेव्हा समोरच्या तज्ज्ञ बाईंनी पेन काढून स्वतः शीटवर खूण केली, तो क्षण मी विसरणार नाही.

तिथे संपत नाही. समितीच्या अहवालानंतर आराखडा बदलतो, मग राज्य सरकारकडे जातो, तिथे पण बदल होतात, आणि मोठे बदल असलेला भाग मंजुरीतून वगळून परत हरकतींसाठी जाहीर होतो, त्याला ईपी (एक्स्क्लुडेड पार्ट) म्हणतात. ती जाहिरात चुकवू नका, पहिल्या फेरीत वाचवलेली बाग दुसऱ्या फेरीत जाऊ शकते. मंजुरीनंतर शीट परत आणा आणि आधीच्या शीटशेजारी ठेवून ताडून बघा.

आणि आरक्षण राहिलं म्हणजे बाग झाली असं नाही. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक कलम 127 ची खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, देऊ शकतो, त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतंच. त्यामुळे दरवर्षी बजेटच्या आधी संपादनासाठी तरतूद मागणारं पत्र द्यायचं, माहिती अधिकारात दहा रुपये भरून ताब्याची स्थिती विचारायची. आमचा नाला शेवटी नकाशावर आला, पूर्ण नाही, देवळापर्यंत. आमच्या भागातल्या बागेच्या आरक्षणाची जागा अजून ताब्यात आलेली नाही. दहा वर्षं कधी संपतात ती तारीख सोसायटीच्या ऑफिसात कपाटाच्या दारावर लिहून ठेवलीय.