प्रेशर पॉइंट शिकायचेत? मंग आधी पकड पक्की करा

आमच्या परभणीच्या क्लासला नवीन पोरगं आलं की आठवड्याच्या आत विचारतंच, सर ते एका बोटात माणूस खाली पाडायचं कधी शिकवणार. मोबाईलवर रील बघितलेलं असतं. त्याला मी नाही म्हणत नाही, कारण मर्म, म्हणजे अंगावरच्या अशा नाजूक जागा, ही खरी विद्या आहे, सुश्रुतसंहितेत 107 मर्मं सांगितलीत आणि कुठल्या मर्मावर मार बसला तर जीव जातो, कुठल्यानं अपंगत्व येतं, कुठं नुसत्या वेदना होतात असे प्रकारही पाडलेत. पण ती शिकायची वेळ असते. केरळच्या कळरीपयट्टू ह्या जुन्या युद्धकलेत बघा, आधी अंग तयार करायचं, मंग लाकडी हत्यारं, मंग लोखंडी, मंग रिकाम्या हाताची लढाई, आणि मर्म लई शेवटी, तेही गुरूचा विश्वास बसला तरच.

कामून असं? कारण पॉइंट बोटाच्या पेराएवढा असतो आणि समोरचा माणूस काय पुतळ्यासारखा उभा राहत नाही. मी स्वतः तरुणपणी एक दोन दिवसांचं शिबिर करून आलो, सगळे पॉइंट पाठ, आणि तालमीतल्या एका गड्यावर मनगटाचा पॉइंट लावायला गेलो तर घामानं बोट सरकलं, त्याला काही कळलंसुद्धा नाही, त्यानं सरळ पट काढून, म्हणजे पाय ओढून, मला मातीत घातलं. वस्ताद एवढंच म्हणाले, आधी त्याला हलू देऊ नको, मंग पॉइंट शोध. आजही मी ह्याच क्रमानं शिकवतो.

म्हणून पहिलं वर्षभर पवित्रा, पडायची सवय, पकड आणि सुटका एवढंच करा. ह्यात शॉर्टकट नाही.

मंग स्वतःच्या अंगावर शोधा. कोपर वाकवा, आतल्या बाजूच्या टोकदार हाडामागं एक खोबण लागते, तिथं अंगठ्यानं हलकं दाबत सरका, करंगळीपर्यंत झिणझिण्या गेल्या की समजायचं नस सापडली. असंच गुडघ्याच्या बाहेरून खाली हाडाची गाठ लागते, तिच्या जरा खालून नस अगदी कातडीजवळून जाते. इथं नुसतं बोटानं चाचपायचं, मारायचं नाही, ही नस दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही. जोडीदारावर करताना अंगठा हळूहळू रुतवा, त्यानं थाप दिली की त्याच क्षणी सोडा. प्रत्येकाचं अंग वेगळं, एखाद्याला काहीच जाणवत नाही, त्याच्यावर जोर वाढवत बसू नका.

आता खरं काम म्हणजे हे आपल्या येणाऱ्या डावात बसवायचं. समजा कुणी मनगट धरलं, तुम्ही नेहमीसारखं त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवून सोडवता, तेच करा, फक्त दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं त्याच्या अंगठा आणि पहिल्या बोटामधला मांसल भाग दाबून धरा, पकड अर्धा क्षण ढिली पडते आणि तेवढ्यात हात सुटतो. दाबलं आणि काहीच झालं नाही तरी सुटका पूर्ण व्हायला पाहिजे, ही माझी कसोटी आहे, पॉइंट चुकला म्हणून डाव अडला तर डाव कच्चा आहे. कराटेवाल्यांनी काता, म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकट्यानं करायच्या हालचाली, त्यातल्या एकेका हालचालीत हे असं शोधावं, लई मजा येते.

त्याच्यानंतर दोघांनी 50-50 बैठका मारा, दम लागू द्या, अंगाला घाम येऊ द्या आणि जोडीदाराला खरा विरोध करायला सांगा. अंगात रग चढली की दुखणं कमी जाणवतं, शांत असताना पॉइंट दाबला की ओरडणारा गडी आता ऐकतच नाही. शांत असताना चालणाऱ्या पाचातले एखाददुसरेच पॉइंट इथं टिकतात, तेवढेच ठेवा.

गळा मात्र माझ्या क्लासला पूर्ण बंद आहे. गळ्याच्या दोन्ही बाजूंना जिथं नाडी लागते तिथं रक्तदाब सांभाळणारी जागा असते, तिच्यावर दाब आला की ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो, आणि ही काय गंमत म्हणून करून बघायची गोष्ट नाही. लहान पोरांना तर मी फक्त मनगट आणि हात एवढंच दाखवतो.

तासाभराच्या सरावात ह्याला शेवटची दहा मिनिटं पुरतात. मंग तेल लावून दाबलेली जागा हलकी चोळा, जुन्या तालमीत मालिश सरावाइतकीच महत्त्वाची होती. आणि दुसऱ्या दिवशीही बधिरपणा किंवा मुंग्या राहिल्या तर तिथं परत बोट लावू नका, डॉक्टरला दाखवा.