मोटरहोमची खिडकी जास्त उघडायची आहे? या चुका टाळा

एप्रिलमध्ये नाशिकच्या गंगापूर धरणाच्या बाजूला मोटरहोम, म्हणजे आत राहता-झोपता येणारी गाडी, लावली की वीतभर उघडणारी खिडकी पुरत नाही, हे मान्य. ती जास्त उघडून घ्यायलाही हरकत नाही. पण घाई करणारे खिडकीच घालवून बसतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे कारच्या डिकीचे शॉकर, म्हणजे डिकी वर उचलून धरणारे गॅसचे दांडे, लावणं. वरच्या बाजूला बिजागरी असलेलं दुहेरी अ‍ॅक्रिलिकचं तावदान जेमतेम तीन-चार किलोचं. डिकीचा एकेक शॉकर ३०-४० किलोचा जोर लावतो. एका गिऱ्हाइकाने ते बसवून घेतले. खिडकी झोकात वर गेली, घरचे खूश. नुकसान सुरू झालं ते खिडकी बंद केल्यावर. शॉकर दोन्ही कडा बाहेर ढकलत राहिले, खालच्या कड्या तावदान आत ओढत राहिल्या. तावदान वाकलं आणि कडेचं रबर टेकेनासं झालं. जुलैत इगतपुरीला मुक्काम, रात्रभर पाऊस. सकाळी गादी उचलली तर खालचा प्लाय फुगलेला, आणि कडीपाशी बारीक चिरा. तावदान बदलावंच लागलं. मी टप्प्याटप्प्याने अडकणारे, खिडकीसाठीच बनवलेले लांब दांडे लावतो. महाग पडतात, पण दुसरं काही बसवून देत नाही.

दांडे घेण्याआधी खिडकी किती वर जाऊ शकते ते बघा. बऱ्याच खिडक्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत नुसत्या अडकवलेल्या असतात. ९० अंशांच्या आसपास नेल्या की निसटून हातात येतात. जुने दांडे सोडवा, एकाला तावदान धरायला सांगा आणि हळूहळू वर न्या. पट्टीत सैल लागलं की बरंच खाली या. मी ६० अंशांपुढे जात नाही.

अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना स्क्रूच्या मापाचंच पाडू नका. मीटरभर तावदान ३० अंशांच्या फरकात सुमारे २ मिमी लांबतं-आखडतं, आणि निफाडची थंडी व इथला उन्हाळा यांत तेवढा फरक सहज पडतो. भोक थोडं मोठं, खाली रबरी वॉशर, स्क्रू हातानेच आवळायचा. इम्पॅक्ट ड्रिल घेऊन येणाऱ्या मिस्त्रीला मी खिडकीला हात लावू देत नाही.

थिनर, पेट्रोल, स्पिरिटने पुसू नका, चिरा पडतात. साबणाचं पाणी पुरतं.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियमवर नको.

मोठ्या खिडकीसाठी बॉडी कापायची असेल तर आधी आरटीओत विचारा.

काम झालं की खिडकी बंद करून पाइपने वरून दहा मिनिटं पाणी सोडा आणि आत कोपऱ्यांत कोरडा कागद दाबून बघा. ओला निघाला तर दांडे ज्यांवर बसवलेत त्या पट्ट्या पुन्हा सैल करून बसवा. तिथे सिलिकॉन थापू नका.