वायफायवर न दिसणारा प्रिंटर

मुलीचे प्रोजेक्ट, आईच्या मेडिक्लेमचे कागद; झेरॉक्सच्या दुकानात खेटे घालून कंटाळलो आणि घरी वायरलेस प्रिंटर आणला. कार्ट्रिजवाला स्वस्त होता, पण पुढे शाई महाग पडते, म्हणून इंक टँकचाच, म्हणजे टाकीत बाटलीने शाई भरायचा, घेतला.

जोडणीत दोन संध्याकाळी गेल्या. मोबाईलवर वायफायचं नाव दिसायचं, प्रिंटरच्या यादीत येतच नव्हतं. शेवटी खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला: प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतो. आमच्या राउटरवर ५ गिगाहर्ट्झचाच बँड (वायफायचा फ्रिक्वेन्सी पट्टा) चालू होता! राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ चालू केला, त्याला वेगळं नाव दिलं आणि प्रिंटर लगेच जोडला गेला. मोबाईल ५ वरच ठेवला तरी चालतं, कारण राउटर एकच आहे.

आठवड्याने वीज गेली, परत आली, आणि लॅपटॉपवर प्रिंटर 'ऑफलाइन'. राउटरने त्याला नवा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा क्रमांक) दिला होता आणि लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत होता. राउटरच्या डीएचसीपीमध्ये, म्हणजे हे पत्ते वाटणाऱ्या सेटिंगमध्ये, प्रिंटरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून एक पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवला. लॅपटॉपवर प्रिंटर काढून नव्याने जोडला. त्यानंतर कितीदा तरी वीज गेली, प्रिंटर जागेवर आहे.

आता दर रविवारी एक रंगीत पान काढतो, नोझलमध्ये शाई सुकू नये म्हणून.