मेडल्सचा हिशोब घरच्या घरी एक्सेलमध्ये कसा मांडायचा

ऑलिम्पिक सुरू झालं की आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज ठरलेला, "टीचभर देश आणि इतकी मेडल्स, आपण १४० कोटी काय करतोय?" भांडत बसण्यापेक्षा अर्धा तास काढा आणि शीट बनवा.

वर्ल्ड बँकेच्या साइटवर सगळ्या देशांचा जीडीपी फुकट मिळतो, एक्सेलमध्येच डाउनलोड होतो. एका कॉलममध्ये देश, मग जीडीपी, मग मेडल्स. लोकसंख्या वेगळी नको, एकूण जीडीपी म्हणजे माणसं गुणिले माणशी कमाई, ती त्यात आलीच. आता जीडीपीला मेडल्सनी भागा, आकडा जितका लहान तितका देश भारी. पॅरिस २०२४ ला अमेरिका साधारण २९,००० अब्ज डॉलर, मेडल्स १२६, म्हणजे २३० अब्जाला एक पडलं. आपले ३,९०० अब्ज, मेडल्स ६, म्हणजे ६५० अब्जाला एक. जमैकाचीही सहाच, पण जीडीपी जेमतेम २० अब्ज, भागून बघा!!

लगेच स्क्रीनशॉट टाकू नका. मी टाकला आणि भाच्याने पार धुतला, कारण एका ऑलिम्पिकवरून छोट्या देशाचं काही कळत नाही, एक पोरगी जोरात पळाली की सेंट लुसिया थेट वर. म्हणून रिओ, टोकियो, पॅरिस तिन्ही मिळवा. आपली २+७+६ = १५, जमैकाची ११+९+६ = २६.

मग मेडल कुठल्या खेळात ते लिहा, खरी मजा इथेच आहे. जमैकाची ही सगळी ॲथलेटिक्सची, केनियाची पॅरिसमधली ११ च्या ११ पण तीच. पळायला घोडा लागत नाही नि बोट पण लागत नाही, आणि जमैकात शाळांच्या पोरांची 'चॅम्प्स' ही ॲथलेटिक्स स्पर्धा १९१० पासून चालूय. घोडेस्वारी नि सेलिंगच्या ओळीत बघा, बहुतेक पैसेवालेच देश.

शेवटचा कॉलम हाताने भरायचा, पैसा खेळाडूपर्यंत पोचतो का. ब्रिटन काय गरीब होता? तरी १९९६ ला अटलांटात एकच गोल्ड, एकूण १५ मेडल्स. १९९७ पासून लॉटरीचा पैसा खेळाडूंच्या ट्रेनिंगला द्यायला लागले, तर सिडनीत ११ गोल्ड, एकूण २८.

आणि १९५२ ला कुस्तीत ब्राँझ आणणारे आपले खाशाबा जाधव घ्या. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा त्यांच्या कॉलेजचे प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. त्या ब्राँझच्या ओळीत जीडीपीचा रकाना मी रिकामाच सोडलाय.